इंजिन बदलायचंय? मग बाकीचं सगळं बदला!

जुन्या जीपमध्ये नवं दमदार इंजिन टाकायचं आणि थेट चिखलात उतरायचं, हे स्वप्न मेकॅनिकलवाल्या पोरांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी बघितलं जातं. ते प्रत्यक्षात आणायला निघालं की गणित कुठे अडतं, पैसे कुठे जातात आणि कायदा नेमकं काय म्हणतो?

तीस सेकंदांची रील असते. पहिल्या पाच सेकंदांत गंजलेली जीप. मग चेनब्लॉकला लटकलेलं इंजिन, वेल्डिंगच्या ठिणग्या, एक कडक बीट, आणि शेवटी तीच जीप पाण्याचे फवारे उडवत ओढ्यातून बाहेर. खाली कमेंट्स, ‘भावा, खर्च किती आला?’ उत्तर सहसा येत नाही. खर्चाचं सोडा, त्या तीस सेकंदांच्या मध्ये जे आठ-दहा महिने गेलेत, ते रीलमध्ये मावत नाहीत.

इंजिन स्वॅप म्हणजे काय, हे एका ओळीत सांगता येतं. गाडीतलं मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं. पण ‘बसवणं’ या एका शब्दात जेवढ्या भानगडी दडल्यात, तेवढ्या आख्ख्या सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये नसतील. त्या समजून घ्यायला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार दिवस ठाण मांडून बसले. तिथे माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र, तिघंही मेकॅनिकलचे डिप्लोमावाले, हेच काम करत होते. त्यांच्याकडे येऊच. त्याआधी थोडा इतिहास, कारण तो भारी आहे.

जीपच्या कपाळावरची गोष्ट

आपल्याकडे ‘जुनी जीप’ म्हटलं की जी डोळ्यांपुढे येते, ती बहुतेक वेळा सीजे ३बी असते. तिचं बॉनेट नीट बघा. इतर जीपपेक्षा ते चांगलंच उंच आहे. चेहऱ्याच्या मानाने कपाळ मोठं वाटतं. ही स्टाइल नाही, नाइलाज आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचं २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असायचे, त्यामुळे इंजिनाची उंची कमी. पुढे त्याच मापाच्या ब्लॉकवर कंपनीने ‘हरिकेन’ तयार केलं. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. ताकद ७२ हॉर्सपॉवरच्या आसपास गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग १९५३ मध्ये विलिसने सरळ बॉनेटच वर उचललं. झाली सीजे ३बी.

म्हणजे आपण जिला ‘ओरिजिनल’ म्हणतो, ती जीप स्वतःच एका इंजिन बदलाची खूण कपाळावर घेऊन फिरतेय.

भारतात महिंद्राने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे परवान्याने सीजे ३बी कित्येक दशकं बनवली. आपल्या रस्त्यांवर पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेलचा जमाना आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर घराण्यातलं, ट्रॅक्टरवाल्यांच्या ओळखीचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. मग प्यूजोचं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० आलं, जे एमएम ५४० मध्ये बसलं. मारुतीचंही तसंच. जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या इंजिनावर, आणि १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ झाली ती १.३ लिटरचं इंजिन घेऊन.

थोडक्यात, कंपन्यांनीही इंजिनं बदललीच. फरक एवढाच की त्यांनी इंजिनाबरोबर ब्रेक, गिअर, कूलिंग सगळं पुन्हा तपासलं, चाचण्या घेतल्या आणि मगच गाडी विकायला काढली. गॅरेजमध्ये घोडं अडतं ते नेमकं इथेच.

उद्यमनगरातली शेड

उद्यमनगरात सकाळी नऊ वाजता गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी लेथचा आवाज सुरू होतो. इथे कास्टिंग मिळतं, टर्नर मिळतो, गिअर कापून देणारा मिळतो आणि फुकटचा सल्ला तर चहाच्या टपरीवरही मिळतो. अशाच एका शेडमध्ये भावाच्या आजोबांची सीजे ३बी उभी होती. उसाच्या फडातून, बांधावरून, लग्नाच्या वरातीतून फिरलेली. हरिकेन इंजिन चार वर्षांपूर्वी बसलं, कोणीतरी ते उघडलं आणि मग त्याचे भाग गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात पडले.

पोरांचा प्लॅन फिक्स होता. भंगारातून २०१० नंतरच्या थारचं २.५ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन आणायचं. १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क. ते जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं. सुट्टीत काम सुरू, दिवाळीत जीप रस्त्यावर. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत खर्चाचा अंदाज लिहिलेला. मी ती वही बघितली तेव्हा तिच्यात एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यातली ‘इंजिन’ ही फक्त एक.

शेडचे मालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं होतं, “इंजिन चढवणं म्हंजे सोयरीक जुळवणं असतंय. नुस्तं पोरगं बघून भागत न्हाई, दोन्ही घरं बघाय लागत्यात.” पोरं हसली होती. दुसऱ्या महिन्यात हसायची थांबली.

सदतीसचं गणित

ऑफ-रोडिंगमध्ये वेगाला फार किंमत नाही. किंमत आहे ती हळू, पण न थांबता जाण्याला. मोठ्या दगडावर चाक चढवायचं तर इंजिन बंद न पडता गाडी मुंगीच्या पावलाने सरकली पाहिजे. ती किती हळू सरकेल, हे ठरवणारा एक आकडा असतो. त्याला क्रॉल रेशो म्हणतात. पहिल्या गिअरचा रेशो, ट्रान्स्फर केसचा ‘लो’ रेशो आणि अ‍ॅक्सलचा रेशो, या तिघांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो.

तीन गिअरच्या जुन्या सीजेचे आकडे असे. पहिला गिअर २.८, लो रेशो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार करा, उत्तर येतं साधारण ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर आयडल असेल तर चाक मिनिटाला जेमतेम १९ वेळा फिरतं, आणि जीप ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास चालते. आपण चालतो त्याहून हळू! सत्तर वर्षांपूर्वीचं डिझाइन, पण दगडधोंड्यात आजही भारी.

आता याच गणिताची दुसरी बाजू. इंजिनाचा टॉर्कही तेवढ्याच पटीने वाढून अ‍ॅक्सलपर्यंत पोहोचतो. हरिकेनचा टॉर्क साधारण १५४ न्यूटन-मीटर. गुणिले ३७ म्हणजे जवळजवळ ५,७००. तिथे २४७ न्यूटन-मीटरचं इंजिन ठेवलं तर आकडा जातो ९,१०० च्या पुढे. घर्षणात थोडा कमी होईल, पण मुद्दा तोच राहतो. चाक चिखलात नुसतं फिरत असेल तर फार बिघडत नाही, कारण पकड नसली की ताणही नसतो. पण तेच चाक दोन दगडांत अडकलं आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की सगळा ताण जातो जुन्या गिअरच्या दातांवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर. ज्याची ताकद सगळ्यात कमी, तो तुटतो.

हे गणित भावाच्या मित्राने शेडच्या भिंतीवर खडूने मांडलं होतं. त्या दिवशी ‘जुना गिअरबॉक्स ठेवायचा’ हा प्लॅन बारगळला. नव्या इंजिनाला त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स हवा. गिअरबॉक्स बदलला तर ट्रान्स्फर केसचं काय? ती बदलली तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलणार. आणि मागच्या अ‍ॅक्सलला हा जोर पेलवणार का?

अजून एक गंमत. ५.३८ चा अ‍ॅक्सल ठेवून टॉप गिअरमध्ये ताशी ८० ने जायचं म्हटलं, तर इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,१५० फेऱ्या माराव्या लागतात. या डिझेलची कमाल ताकद मिळते ३,८०० ला. म्हणजे १०५ हॉर्सपॉवर टाकूनही हायवेवर जीप नुसती बोंबलणार. हायवेसाठी अ‍ॅक्सल रेशो कमी केला तर डोंगरात रांगायची ताकद जाणार. दोन्ही एकदम मिळत नाही.

अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर मध्ये एक जाड प्लेट करावी लागते. तिला अ‍ॅडॉप्टर प्लेट म्हणतात. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. ऐकायला सोपं. पण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. दोघांचे मध्य एका रेषेत नसतील, अर्ध्या मिलिमीटरची जरी चूक असली, तरी गाडी सुरू होईल, पळेल, आणि काही दिवसांत बेअरिंग, क्लच आणि गिअरबॉक्सचं सील एकामागून एक खाऊन टाकेल. म्हणून चांगला टर्नर डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. तो डायल गेज लावतो आणि शंभराव्या भागात मोजतो.

मग येतात माउंट. इंजिन चासीवर कुठे आणि किती कलवून बसवायचं? खाली पुढचा अ‍ॅक्सल आहे. जीप उडी मारते तेव्हा तो वर येतो. इंजिनाचं चेंबर, म्हणजे तेलाची टाकी, त्याच्या वाटेत असेल तर पहिल्याच खड्ड्यात फुटणार. इंजिन वर घ्यावं तर बॉनेट लागत नाही आणि वजनाचा मध्यही वर जातो. उतारावर आडवी चालणारी जीप उलटण्याचा धोका त्याने वाढतो. मागे सरकवावं तर फायरवॉल कापावी लागते. इंचाइंचासाठी वाद!

कलाचा प्रश्न तर आणखी नाजूक. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. शाफ्ट तिरका असला की पहिल्या क्रॉसमधून जाताना फिरण्याचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा हिसका रद्द करतो. कोन जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला सगळी जीप थरथरते. लोक मग चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. दोष असतो इंजिनाच्या कलात.

चावीही विकत घ्या!

जुनं डिझेल इंजिन म्हणजे हवा, डिझेल आणि बॅटरीची एक वायर. कॉमन रेल इंजिन तसं नाही. त्याचा मेंदू वेगळ्या डब्यात असतो, तो म्हणजे ईसीयू. क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, तापमानाचा, रेल प्रेशरचा, अगदी अ‍ॅक्सिलरेटर पेडलचासुद्धा सेन्सर. यातला एखादा महत्त्वाचा सेन्सर बोलला नाही तर इंजिन सुरूच होत नाही किंवा मुद्दाम कमी ताकदीवर चालतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर असतो. चावीतली चिप ओळखली नाही तर ईसीयू डिझेलच सोडत नाही. म्हणून जाणकार लोक भंगारातून नुसतं इंजिन उचलत नाहीत. ईसीयू, पूर्ण वायरिंग, पेडल आणि चावी असा सगळा संसार एकदम घेतात.

आमच्या पोरांनी घेताना वायरिंग ‘नंतर बघू’ म्हणून सोडलं होतं. विकणाऱ्याने ते कापून दिलं. कापलेल्या एकेका वायरचा पत्ता शोधण्यात पाच आठवडे गेले. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. या इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो. गळती शोधायला चालू इंजिनाच्या पाइपवर कधीही बोट फिरवायचं नाही. केसाएवढी धार कातडी फोडून आत जाऊ शकते.

पुढचा नंबर कूलिंगचा. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता बनून रेडिएटरकडे जातो. ७२ हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या रेडिएटरवर १०५ चं इंजिन टाकलं की पावसाळ्यात सगळं ठीक वाटतं, आणि एप्रिलमध्ये घाट चढताना वाफ निघते. त्यात टर्बोच्या गरम हवेसाठी इंटरकूलर हवा, आणि त्याला समोर जागा हवी.

आणि ब्रेक! रीलमध्ये जे कधीच दिसत नाहीत. जुन्या सीजेला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. गाडी थांबवायला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० ऐवजी ८० ने आलात तर ब्रेकला अडीचपट काम. जिथे बूस्टर आहे, तिथेही एक सापळा आहे. पेट्रोल इंजिनातून बूस्टरला लागणारी निर्वात ओढ आपोआप मिळते. डिझेल इंजिनातून ती मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो जोडायचा राहिला तर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं, आणि ते कळतं उतारावर.

मामांच्या शेडमध्ये एक नियम आहे, आणि तो मला फार आवडला. कोणीही इंजिन स्वॅपचं विचारायला आलं की मामा आधी ब्रेक ड्रम उघडायला लावतात. “थांबता येत नसंल तर पळायची घाई कशाला?”

आता खरा ब्रेक

समजा हे सगळं जमलं. पैसे आले, टर्नर भेटला, वायरिंग जुळलं. तरी एक प्रश्न उरतो. ही जीप रस्त्यावर चालवता येईल का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द परत वाचा. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, बंपर... यादी तुम्हीच करा.

कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त किट, ठरलेल्या अटींनुसार बसवता येतं. आणि मूळ इंजिन निकामी झालं म्हणून त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. पण तिथेही काम सुरू करायच्या आधी आरटीओकडे लेखी विचारणा, इंजिनाचं बिल आणि नंतर आरसीवर नोंद, हे हवंच. दुसऱ्या मॉडेलचं जास्त ताकदीचं इंजिन टाकून ‘नंतर पासिंग करून घेऊ’ म्हणणं म्हणजे पेपर फुटेल या भरवशावर परीक्षेला बसणं.

गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आपल्या शेतात चालवायची, कोण विचारतंय?’ पण नोंदणीबद्दलचं कलम ३९ ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द वापरतं. शेतही त्यातून आपोआप सुटत नाही.

विम्याचा मुद्दा तर त्याहून गंभीर. विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल तर अपघातानंतर ती दावा नाकारू शकते. नुकसान स्वतःच्या गाडीचं असेल तर एक वेळ ठीक. पण समोरच्या माणसाला लागलं तर? एखाद्याच्या उपचाराचा किंवा जिवाचा हिशेब तुमच्या घरावर येऊ शकतो. रील मात्र तोपर्यंत डिलीट झालेली असेल.

पोरांनी काय ठरवलं?

भावाच्या जीपची आरसी नूतनीकरणाला आली होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्या वेळी गाडी दाखवावी लागते. चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. आरसीवर इंधन ‘पेट्रोल’. बॉनेटखाली कॉमन रेल डिझेल. हे जुळणार नव्हतं. आणि नूतनीकरण झालं नाही तर आजोबांची जीप म्हणजे कागदावर फक्त लोखंड.

मी होते त्या तिसऱ्या रात्री शेडमध्ये दोन तास वाद झाला. एक मित्र म्हणत होता, एवढा खर्च झालाय, आता मागे फिरायचं नाही. दुसरा म्हणत होता, आरसी गेली तर गेली, आपण ती ट्रकवर टाकून स्पर्धेला नेऊ. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, गिअरबॉक्स नवा, अ‍ॅक्सल नवे, इंजिन नवं. मग आजोबांचं उरलं काय? बॉनेट! आणि त्याखाली बघायला मावशी आली तर तिला काय दाखवू?” मावशी म्हणजे त्याची धाकटी मावशी. त्याच जीपमध्ये ती गाडी चालवायला शिकली होती आणि आता आरसी तिच्या नावावर आहे.

सकाळी गोणपाट उघडलं गेलं. हरिकेनचा ब्लॉक धुतला, बोअर मोजला. सिलिंडर झिजलेले होते, पण ब्लॉक तडकलेला नव्हता. ओव्हरसाइझ पिस्टन, नवे व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या सीट कापणं, नवी बेअरिंग्ज. हे सगळं उद्यमनगरातच होतं. इंजिन नंबर तोच, कागद तेच. ब्रेक मात्र चारही चाकांचे पूर्ण नवे करायचे, ही मामांची अट होती.

थारचं इंजिन वाया गेलं नाही. त्यासाठी चॅनेलचं स्टँड बनलं, सेन्सर आणि वायरिंग बोर्डवर मांडलं, आणि तेच आता तिघांचं डिप्लोमाचं प्रोजेक्ट आहे. कापलेल्या वायरिंगमागे गेलेल्या पाच आठवड्यांमुळे त्यांना ईसीयूचा एकन् एक पिन पाठ झालाय. व्हायव्हाची चिंता नाही!

मग हौस कुठे भागवायची?

सगळं वाचून ‘म्हणजे काही करायचंच नाही का’ असं वाटत असेल तर थांबा. रस्ते आहेत, आणि ते चांगले आहेत.

पहिला रस्ता कॉलेजमधून जातो. बाहा एसएईइंडिया. मूळ स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली, भारतात २००७ पासून. इंदूरजवळच्या पीथमपूरचं नाव या स्पर्धेशी पक्कं जोडलं गेलंय. विद्यार्थ्यांनी एक सीटची ऑफ-रोड बग्गी स्वतः डिझाइन करायची, स्वतः वेल्ड करायची आणि चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत ती टिकवून दाखवायची. पारंपरिक गटात गंमत अशी की इंजिन सगळ्यांना एकच. ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवर, आणि त्यात फेरफार केलेला चालत नाही. मग जिंकतो कोण? ज्याचं सस्पेन्शन, गिअरिंग, वजन आणि वेल्डिंग चांगलं तो. ड्रायव्हरभोवतीच्या रोल केजची नळीसुद्धा नियमात बसावी लागते. मूळ निकष २५.४ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीच्या स्टीलचा, त्यात कार्बन किमान ०.१८ टक्के. इंजिनावर पैसे उधळण्याआधी गाडी म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

दुसरा रस्ता स्पर्धांचा. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली, तीही ऐन पावसाळ्यात. तिथल्या तगड्या मॉडिफाइड गाड्या बघितल्या की डोळे फिरतात. पण नीट बघा. विंच, रोल केज, हार्नेस, हेल्मेट, आणि गाडीइतकाच कसलेला को-ड्रायव्हर. अशा कित्येक गाड्या स्पर्धेच्या ठिकाणी ट्रकच्या पाठीवरून येतात. सुरुवात मार्शल म्हणून, मदतनीस म्हणून करता येते. कुठली गाडी कुठे मोडते हे फुकटात शिकायला मिळतं.

तिसरा रस्ता विजेचा. जुन्या गाडीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते. रांगणाऱ्या जीपला तेच तर हवं असतं! हे क्षेत्र अजून तरुण आहे. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एकत्र बसावं असं आहे.

आणि जिथे जायचं, तिथली जमीन कोणाची आहे हेही बघा. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. अशा सड्यांवर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि त्यातच सगळी फुलं जगतात. एक टायर फिरला की ती चाकोरी वर्षानुवर्षं राहते. कोकणातल्या वाळूत कासवं अंडी घालतात. चिखल खेळायला जागा हवी तर मालकाची परवानगी घेतलेलं पडीक रान शोधा. ते असतं, फक्त विचारावं लागतं.

तुमच्याही शेडमध्ये जीप उभी असेल तर...

* आधी आरसी वाचा. इंधन, इंजिन नंबर, वैधता. मग पाना उचला.
* बदलाची कल्पना कागदावर लिहून आरटीओत विचारा. तोंडी ‘होईल हो’ वर विसंबू नका.
* जुनं इंजिन दुरुस्त होतंय का, हे मोजमाप करून ठरवा. अंदाजाने नाही.
* भंगारातलं इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. नंबर खोडलेला असेल तर तिथून सरळ निघा. चोरीच्या मालात अडकाल.
* खर्चाच्या वहीत पहिली नोंद ब्रेकची, दुसरी स्टिअरिंगची, तिसरी कूलिंगची. इंजिन चौथं.
* वेल्डिंग, उचलणं, चालू इंजिन, या तिन्ही कामांत एकट्याने राहायचं नाही. चेनब्लॉकला लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय नकोत.
* काम करताना फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. रीलसाठी नाही, पुन्हा जोडण्यासाठी.

परवा भावाचा मेसेज आला. हरिकेन सुरू झालंय, आयडलला थोडं अडखळतं, कार्बोरेटरचं काम बाकी आहे. आरटीओची तारीख पुढच्या महिन्यात. बहात्तर हॉर्सपॉवर, तीन गिअर आणि सदतीसचा रेशो. फडातल्या चिखलाला एवढं पुरे आहे.